ज्वारीच्या पोत्याचं बाळंतपण

माझ्या बायकोच्या आधी दवाखान्यात ज्वारीचं पोतं जाऊन आलं. टांग्यातून गेलं, शेजारी माझी सासू बसून गेली, आणि तिथे पोचल्यावर त्याला उचलून खाटेवर आडवंही करण्यात आलं. ही हकिकत आमच्या चाळीत पुढे इतकी वर्षं सांगितली गेली की, मी स्वतः ती सांगायला लागलो तर लोक मला मध्येच दुरुस्त करत. चाळीतल्या हकिकतीत पोत्याला लुगडं नेसवलेलं असतं, कपाळाला कुंकू असतं. ते साफ खोटं आहे. नुसती शाल होती.

तेव्हा मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेची शेतं मोजून कुंपणं घालायचं काम जोरात होतं. परवा जिथे हरभरा उभा होता तिथे आज चुन्याच्या रेघा, आणि पुढच्या दिवाळीला धुराडं. मी नगर जिल्ह्यातून आलो होतो आणि असल्याच एका नव्या कारखान्यात पाइप जोडायच्या कामाला लागलो होतो. पाना हातात घेऊन वर्षही झालं नव्हतं, तोच मी स्वतःला अर्धा इंजिनियर समजायला लागलो. उरलेल्या अर्ध्यात काय भरलंय ते आमचे साहेब चारचौघांत सांगायचे.

या साहेबांची एक पद्धत होती. नवी पाइपलाइन टाकली की तिच्यातून कधी लगेच माल सोडायचा नाही. आधी नुसतं पाणी फिरवायचं. कुठे गळतंय, कुठे तुंबतंय ते बघायचं, आणि मगच खरं काम. याला ते ‘ट्रायल’ म्हणत. हा शब्द माझ्या डोक्यात असा चढला की मी घरीदारी ट्रायल घ्यायला लागलो. नवा स्टोव्ह आणला तर आधी रॉकेल न घालता काडी लावून बघितली आणि तो पेटत नाही याची खात्री करून घेतली. बायको नुसती चूल पेटवायला बसली.

बायको चाकणच्या पुढच्या एका खेड्यातली. माझ्याशी बोलताना ती शाळेतल्या बाईंसारखं बोलायची आणि आईशी बोलताना गावचं. तिला दिवस गेले तेव्हा मला आनंद झाला आणि काळजी मात्र काडीची वाटली नाही, कारण पहिलं बाळंतपण माहेरी, यात नवऱ्याला काय काम? सातवा सरत आला की सासूबाई येणार, ओटी भरणार आणि लेकीला घेऊन जाणार. आपण खानावळीत जेवायचं आणि पोस्टमनकडे बघत बसायचं. खानावळ मी मनातल्या मनात ठरवूनही ठेवली होती. तिथला रस्सा चांगला होता.

एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला त्या खोलीत नाही बाळंत व्हायचं.”

कुठली खोली, हे विचारायची गरज नव्हती. तिच्या माहेरी स्वयंपाकघराच्या मागे एक अंधारी खोली होती. तिची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला त्याच खोलीत गेली आणि परत बाहेर आली नाही. मूलही राहिलं नाही. आमच्या लग्नाच्या आदल्या साली झालेलं हे. माझी बायको तेव्हा चुलीशी पाणी तापवत बसली होती. आतून हंडा मागत होते आणि ही देत होती. मग कोणी मागेना, तरी ही आपली तापवतच राहिली. एवढं ती एकदाच बोलली होती, आणि त्यानंतर त्या घरात कोणी थोरलीचं नाव काढत नाही हे मी जावई म्हणून बघत आलो होतो.

मी म्हणालो, मग आईला सांगून टाक.

“कसं सांगू? ताईच्या उशाशी आईच बसली होती. मी येत नाही म्हटलं तर तिला काय वाटेल? तुझ्यासमोर एक गेली म्हणून मी येत नाही, असंच ना?”

“मग?”

“तुम्ही सांगा. तुम्ही जावई आहात. जावयाला काही वाटत नाही.”

हे तिने कौतुकाने म्हटलं नव्हतं, पण मी तसं घेतलं आणि शब्द देऊन बसलो. रुळांच्या पलीकडे, पिंपरी कॅम्पात एक सिंधी डॉक्टरीणबाई बाळंतपणं करतात, हे तिने नळावरच्या बायकांकडून आधीच काढून ठेवलं होतं. मला फक्त सासूला सांगायचं होतं.

आता माझी सासू. मी तिला मामी म्हणायचो. तिच्या घरी मी पाणीसुद्धा इकडेतिकडे बघून प्यायचो. ती रागवायची नाही, ओरडायची नाही. समोरचा बोलत असला की त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यायची, आणि मग आणखी थोडं थांबायची. त्या थांबण्यात माणूस आपण होऊन कबुली द्यायचा.

ठरल्याप्रमाणे ती आली. नाशिक फाट्याला एसटीतून उतरली आणि तिथून एका ओळखीच्या बैलगाडीतून ज्वारीच्या पोत्यासकट दारात हजर. लेक माहेरी असताना जावयाचे हाल होऊ नयेत म्हणून ज्वारी आणली होती. म्हणजे माझी सोय करून तिने मला आधीच गप्प केलं होतं. चहा झाला. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी घसा खाकरला, आणि जे सांगायचं ते बाजूला ठेवून भलतंच सांगून बसलो.

मी म्हणालो, मामी, कंपनीचा कायदा आहे. कामगाराचं पहिलं मूल डॉक्टरच्या हातून व्हावं लागतं. नाहीतर कंपनी माणसाला पर्मनंट करत नाही.

बायकोने हातातली कपबशी खाली ठेवली आणि भिंतीकडे बघायला लागली. मामी थांबली. मी कायद्यात आणखी दोन कलमं घातली.

“आसं,” मामी म्हणाली. “म्हंजी तुमी पक्कं व्हावं म्हनून माजी लेक बाळंत व्हनार.”

“तसं नाही, मामी.”

“आन् घरी म्हस आसंल तर? तिला बी डागदर लागतो का कंपनीचा?”

म्हशीचं कलम मी कायद्यात घातलं नव्हतं. मामीने पदर सावरला आणि निकाल दिला. “बरं. कंपनीची काय येवस्था हाय ती मला दावा. पटली तर लेक हितं ठीवते. न्हाई पटली तर उद्या सकाळच्या मोटारीनं घेऊन जाते. कायदा तुमच्यापाशी ठीवा.”

आता खरं तर काय करायचं? दोघी मायलेकींना टांग्यात घालून सावकाश डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं, एवढं सरळ काम. कोणीही शहाणा माणूस तेच करेल. पण मला ट्रायल झालेली होती. रस्त्यात खड्डे आहेत, घोडा कसा आहे माहीत नाही, बायकोला उगाच हादरे कशाला, आधी नुसतं पाणी फिरवून बघू, असा मी विचार केला. आणि समोर ते पोतं बसलेलं होतं. पोटाशी फुगलेलं, वर आवळून बांधलेलं. ते बघून मला जे वाटलं ते मी बोलून दाखवलं ही चूक झाली. बायको म्हणाली, “मी अशी दिसते का तुम्हाला?” हा प्रश्न मी ऐकलाच नाही, असं दाखवून टांगा बघायला गेलो.

टांगेवाले चाचा चिंचवडच्या स्टेशनवर उभे असायचे. त्यांना मी सगळी योजना समजावून सांगितली. मला वाटलं, हसतील. ते गंभीर झाले. म्हणाले, माझ्या टांग्यातून नवरदेव गेलेत, मयताची माणसं गेलीत, एकदा एक साहेब मधमाश्यांची पेटी घेऊन गेला, पोत्यानं काय बिघडतंय. फक्त एवढं सांगा, वाटेत कळा येणार आहेत का, म्हणजे त्या बेतानं हाकतो. मी म्हणालो, येणार आहेत असं धरून चला. त्यानंतर त्या सज्जन माणसाने प्रत्येक खड्ड्याला टांगा थांबवून, मागे वळून, पोत्याला ‘सांभाळा हां’ म्हटलं.

चाळ दारात उभी होती. पोत्याला मागच्या बाकावर बसवलं, वारा लागू नये म्हणून नव्हे तर लोकांनी विचारू नये म्हणून शाल पांघरली, आणि अर्थातच त्यामुळे सगळ्यांनी विचारलं. मामी पोत्याशेजारी बसली आणि हादऱ्याने ते पडू नये म्हणून तिने त्याच्यावर हात टाकला. मी पुढे चाचांच्या शेजारी. असे आम्ही निघालो.

रेल्वेच्या फाटकापर्यंत सगळं झकास झालं. मी अधूनमधून मागे बघून मामीला सांगत होतो की बघा, कसा गुळगुळीत बंदोबस्त आहे. फाटकाशी आलो आणि ते आमच्या तोंडावर बंद झालं. मालगाडी होती. आली, निम्मी गेली आणि उभी राहिली. फाटकवाला आपल्या खोपटात भाकर सोडून बसला. मी त्याला जाऊन सांगितलं की बाळंतपणाची केस आहे. त्याने टांग्याकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं, आणि कांदा फोडला.

मागे गाड्यांची रांग लागली. आमच्या लगोलग मागे एक बैलगाडी होती. तिच्या एका बैलाने मान लांब केली आणि शालीचा पदर तोंडात धरून निवांत चघळायला सुरुवात केली. मी शाल ओढतोय, बैल ओढतोय, चाचा घोड्याला धरून आहेत आणि मागचा गाडीवान मला विचारतोय की राव, बाईमाणूस आजारी हाय का. शेवटी मामीने बैलाच्या नाकावर एक चापट दिली आणि बैलाने शाल सोडली. मला तेवढं जमलं नव्हतं.

गाडी काही हलेना. मामी बराच वेळ रुळांकडे बघत होती. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “पोत्याला घाई न्हाई, पाव्हणं. ते कुटं बी सांडलं तरी गोळा करता येतं.”

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की तिचा हात अजून त्या पोत्यावरच होता. टांगा तर केव्हाचा उभा होता. पडण्याची भीती नव्हती.

फाटक उघडलं तेव्हा उन्हं कलती झाली होती. कॅम्प म्हणजे लष्कराच्या जुन्या बराकी, त्यात सिंधमधून आलेली कुटुंबं, दोऱ्यांवर वाळणारे कपडे आणि सगळीकडे पापड. दवाखाना एका बराकीच्या टोकाला. मी टांग्यातून उतरून पाटी वाचतोय, तोवर चाचांनी पोतं खांद्यावर घेतलं, आत नेलं आणि तपासायच्या खाटेवर अलगद उतरवलं. ट्रायल म्हणजे ट्रायल; मध्येच सोडायचा माणूस नव्हता तो.

डॉक्टरीणबाई आल्या. पांढरं पातळ, जाड चष्मा. त्यांनी खाटेकडे बघितलं, मग आमच्या तिघांकडे. मी त्यांना पाइपलाइनपासून सगळं समजावून दिलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, “पेशंट कुठे?”

घरी आहे, म्हणालो.

कितवा महिना, तर सातवा सरत आलाय. आजपर्यंत कोणाला दाखवलं, यावर मी पोत्याकडे बघितलं. बाईंची मराठी चांगली होती, पण राग हिंदीत यायचा. “बोरी को लाने का टाइम है, बीवी को लाने का नहीं?” त्या म्हणाल्या. घोडा बघितलास, रस्ता बघितलास, फाटक बघितलंस, आणि जिला बाळंत व्हायचंय तिच्या अंगात रक्त किती, पायाला सूज आहे का, मूल कसं आहे, यातलं एक तरी बघितलंस का? पुढचं मी लिहीत नाही. चाचा हळूच पोतं उचलून बाहेर निघून गेले, म्हणजे मार खायला मी एकटाच उरलो.

बाईंचं बोलून झालं आणि मी आता मामी काय म्हणते याची वाट बघायला लागलो. तिची मोटार सकाळची होती. माझी व्यवस्था तिने बघितली होती: बंद फाटक, बैल, आणि न दाखवलेली लेक. पण मामीने माझ्याकडे पाठ केली आणि डॉक्टरीणबाईंच्या जवळ गेली. जे विचारलं ते हळू विचारलं.

“माजी थोरली गेली. मूल भाईर आलं आन् मग रगत थांबंना. सुईन म्हनली पाय वर धरा, ते धरलं. फडकी दिली. सारी रात धरून बसले.” मग ती थांबली. पण हे थांबणं नेहमीचं नव्हतं. “माजं काय करायचं ऱ्हायलं व्हतं का?”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “मी तिथे नव्हते, आई. खोटं नाही सांगणार. याला इंजेक्शन असतं. वरून हाताने दाबून धरायचं असतं. पुष्कळदा थांबतं. कधी माझ्यासमोर पण नाही थांबत. पण तुमच्याजवळ जे होतं, ते सगळं तुम्ही केलं.”

“त्ये विंजेक्षन दावा मला,” मामी म्हणाली.

बाईंनी कपाट उघडलं आणि काचेची एक कुपी तिच्या तळहातावर ठेवली. करंगळीच्या पेराएवढी असेल. मामी तिच्याकडे बघत राहिली. “येवडीशी,” एवढंच म्हणाली, आणि परत दिली.

परतीच्या वाटेवर चाचांनीही पोत्याला खड्ड्यांची सूचना दिली नाही.

बायको दारातच उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काय झालं असेल ते ओळखलं. माझ्या तोंडावर ते नेहमीच लिहिलेलं असतं. मामी आत येऊन बसली, पाणी प्याली आणि म्हणाली की डागदरीन चांगली हाय, जागा चांगली हाय, पर वाट खोटी. फाटक काय तुमच्या कंपनीचं न्हाई. ऐन वक्ताला त्ये लागलं आन् माजी लेक टांग्यात आडली, तर कुनाला हाका मारायच्या? त्यापरीस आपलं घर बरं.

बायकोचा चेहरा उतरला. मी इकडून बोलायला लागलो, की फाटकवाल्याला भेटून ठेवतो, गाड्यांच्या वेळा काढतो, पलीकडच्या बाजूला दुसरा टांगा उभा करतो, आपण मधूनच चालत रूळ ओलांडू, आणखी एक ट्रायल घेऊ. मला वाटतं मी पूल बांधण्यापर्यंत पोचलो होतो.

बायको म्हणाली, “फाटक नडतंय ना? मग फाटकाच्या पलीकडंच राहायला जाऊ.”

खरं सांगतो, मला राग आला. मी टांगा जुंपला, बैलाशी झोंबलो, डॉक्टरीणबाईंची बोलणी खाल्ली, आणि हिने भिंतीला टेकून बसल्या बसल्या एका वाक्यात काम उरकलं. साहेब माझ्या उरलेल्या अर्ध्याबद्दल चारचौघांत सांगायचे ते उगाच नव्हे.

मामी लेकीकडे बघत होती. “तुला हितंच ऱ्हायाचंय?”

“व्हय,” बायको म्हणाली, गावच्या बोलीत.

मामी आणखी काहीतरी विचारणार होती. विचारण्याआधी तिने माझ्याकडे बघितलं आणि ते गिळून टाकलं. मग म्हणाली, “आन् गावात काय सांगायचं? पैली येळ, आई जित्ती हाय, आन् लेक म्हायारी न्हाई आणली?” मी आयुष्यात क्वचित शहाणपणा केला त्यातला एक म्हणजे तेव्हा तोंड उघडलं नाही. ती स्वतःच बोलली. “सांगायचं, कंपनीचा कायदा हाय. कायदा मोडून कसं चालंल?”

मी सुटकेचा श्वास टाकला तो तिने मध्येच पकडला. “आसा कायदा बियदा काय न्हाई, पाव्हणं, ह्ये मला तवाच कळलं. तुमी खोटं बोलताना कानाची पाळी वढता.”

तेव्हापासून मी खोटं बोलताना हात खिशात ठेवतो.

तर अशा रीतीने आठव्याच्या तोंडाला आमचं बिऱ्हाड कॅम्पात गेलं. दवाखान्याच्या मागच्याच बराकीत एका सिंधी कुटुंबाने पडद्याच्या पलीकडची जागा दिली. मामी गावी परत गेलीच नाही. तिला सिंधी येत नव्हती आणि घरमालकिणीला मराठी, त्यामुळे दोघींच्या भांडणाचं कारणच संपलं. पापडाच्या बदल्यात लसणाची चटणी जायची, आणि आपापल्या भाषेत दोघी एकमेकींना तासन्तास काहीतरी पटवून द्यायच्या. बायकोला मी आता नेमाने डॉक्टरीणबाईंकडे न्यायचो. म्हणजे तीच चालत जायची, मी मागून. बाई दर वेळी मला विचारायच्या, आज बोरी नाही आणली?

घरात तयारी सुरू झाली. मामी जुनी लुगडी फाडून दुपटी शिवत होती, बाळंतशेपा निवडत होती, डिंक तळत होती. मी रिकामा कसा बसणार? मी कारखान्यातल्या भंगारातून परवानगी काढून पाइप आणले आणि पाळणा केला. जोड असे घट्ट बसवले की आतून पाणी सोडलं असतं तरी थेंब गळला नसता. पाळण्यात पाणी सोडत नाहीत हे मामीने निदर्शनास आणलं. शिवाय तो उचलायला चार माणसं लागत, आणि बराकीच्या कोणत्याही तुळईला तो टांगायची कोणाची छाती होईना. घरमालकिणीने त्याच्यावर पापड वाळवले. फार छान वाळायचे.

वेळ आली ती सुट्टीच्या दिवशी, दुपारी. बायको डाळ धूत होती. हात पुसत उठली आणि म्हणाली, “चला.” ना टांगा, ना शाल. बराकीला वळसा घालून आम्ही तिघं चालत गेलो. तिने आईचा दंड धरला होता. मधे एकदा थांबली, डोळे मिटून उभी राहिली, आणि पुन्हा चालायला लागली. मी मागून काहीतरी सूचना देत होतो. काय, ते आठवत नाही. कोणी ऐकत नव्हतं.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाई मामीला म्हणाल्या की आई, तुम्ही चला आत, हिला बरं वाटेल. मामीने उंबऱ्यापर्यंत पाऊल नेलं आणि मागे घेतलं. “मी भाईर हाय,” ती म्हणाली. बायकोने तिच्याकडे बघितलं. दंड सोडला आणि आत गेली. दार लागलं.

बाहेर एक लाकडी बाक होतं. त्याच्या एका टोकाला मी बसलो, दुसऱ्याला मामी. आतून आवाज यायचे, थांबायचे, पुन्हा यायचे. एरवी माझं तोंड बंद करायला माणसं लागतात. त्या दिवशी मी दाराच्या फळ्या मोजत बसलो. मामी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, जसं काही आतून कोणीतरी काहीतरी मागेल आणि आपल्याजवळ ते नसेल.

“पाव्हणं,” ती म्हणाली, “बोला काय तरी.”

“काय बोलू, मामी?”

“खोटं बोला. त्ये तुमाला येतं.”

मग मी बोललो. कंपनीत एक मांजर आहे, म्हणालो, ते उंदरांच्या खात्यात नोकरीला आहे, त्याला शिफ्ट असते. मामीने विचारलं, रातपाळी का दिसपाळी? म्हणालो, रातपाळी, आणि ओव्हरटाइम दुधात मिळतो. साहेबांची मडम गाईला बूट घालते म्हणालो. किती, तिने विचारलं, चारी पायांत का मागल्या दोनात? ती माझ्याकडे बघत नव्हती, तिचे कान दाराकडे होते, पण माझ्या प्रत्येक थापेला ती असा एक प्रश्न घालायची की मला पुढची थाप मारावीच लागे. आत आवाज वाढला की ती म्हणायची, “हां, मग?” आणि मी आवाज चढवायचो. इतकं कष्टाचं खोटं मी पुढे युनियनच्या निवडणुकीतही बोललो नाही.

मी मडमेच्या तिसऱ्या गाईवर होतो तेव्हा आत रडण्याचा आवाज आला. बारीक, रागावलेला. मी उडालोच. मामी उठली नाही. तिने माझी बाही पकडली आणि मलाही खाली बसवलं. ती दाराकडे बघत होती, आणि तिच्या बोटांनी माझ्या बाहीचा पार चुरगळा केला होता.

दार किलकिलं झालं आणि आयाबाईने हसत तोंड बाहेर काढलं. ती सांगणारच होती, इतक्यात मामी बोलली.

“त्ये ऱ्हाऊ द्या. माज्या पोरीचं सांगा. रगत थांबलं का?”

आयाबाई आत बघून आली. “थांबलंय, मावशी. डॉक्टरीणबाई जवळच आहेत. आणि ती चहा मागतेय.”

मामीने माझी बाही सोडली. पदराने तोंड पुसलं, चपला तिथेच काढल्या, आणि या खेपेला उंबऱ्याशी न थांबता आत गेली. दार पुन्हा लागलं. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या, माझ्याकडे बघून मान हलवली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. मी वाट बघितली. आणखी बघितली. चहासुद्धा माझ्या समोरून आत गेला. शेवटी मी दारावर टकटक केली.

“थांबा वाईच,” आतून मामी म्हणाली. “आमी बोलतोय.”

दार जुन्या फळ्यांचं होतं, कान लावायचीही गरज नव्हती. बायको हळूहळू काहीतरी विचारत होती, आणि मामी सांगत होती. चुलीवरच्या पाण्याचं सांगत होती, ते कुणी मागेनासं का झालं ते. मग मामीने थोरलीचं नाव घेतलं. ताई नाही, थोरली नाही, नाव. त्या घरचा जावई होऊन इतके दिवस झाले होते, पण ते नाव मला ठाऊक नव्हतं. बायकोनेही ते घेतलं, आणि दोघी रडायला लागल्या. आत तिसरंही रडत होतंच.

मुलगा झाला की मुलगी, हे मला तोवर कोणीही सांगितलं नव्हतं. विचारायला म्हणून मी पुन्हा हात उचलला होता. तो खाली घेतला आणि बाकावर जाऊन बसलो.